दर हिवाळ्यात सोलरचं पाणी कोमट: टाक्या बदलण्याआधी गीझरखालचे दोन कॉक बघा

दिवाळी सरली की आमच्याकडे पहिला फोन पहिल्या मजल्यावरून येतो. "ताई, सोलर बंद आहे का?" आठवड्याभरात दुसरा मजलाही तेच विचारतो. डिसेंबरात तर सकाळी सहाला खालच्या दोन मजल्यांवर दोन-दोन बादल्या पाणी सोडून दिलं तरी ते कोमटच्या पुढे जात नाही. चौथ्या मजल्यावर त्याच वेळी हाताला चटका बसतो. सलग तीन हिवाळे हे असंच चाललं. पहिल्या वर्षी आम्ही नळ्या धुऊन घेतल्या. दुसऱ्या वर्षी दोन टाक्या नव्या बसवल्या, त्यात देखभाल निधीचा मोठा हिस्सा गेला. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा कमिटीत मी हट्ट धरला की यंदा एकही वस्तू बदलायची नाही, आधी मोजायचं.

ते मोजताना जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या माहितीतल्या निदान पाच-सहा सोसायट्यांमध्ये हीच तक्रार आहे आणि सगळीकडे सोलरवर खापर फोडून लोक गीझरकडे वळले आहेत.

आमची इमारत पुण्यात आहे. चार मजले, २४ घरं. गच्चीवर ३०० लिटरच्या आठ टाक्या, प्रत्येक टाकीला ३० काचेच्या नळ्या. म्हणजे एकूण २४०० लिटर, घरटी १०० लिटर. आठही टाक्यांचं गरम पाणी एका मोठ्या आडव्या पाइपात येतं, तिथून एक मुख्य व्हॉल्व, आणि मग डक्टमधून खाली उतरणाऱ्या उभ्या लाइन. प्रत्येक बाथरूममध्ये एक विजेचा गीझरही आहे, पावसाळ्यासाठी. तुमच्याकडे रचना थोडीफार वेगळी असेल, पण शोधायची पद्धत तीच लागू पडते.

तीन आकडे, एकाच दिवसाचे

लांब सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरात वापरतात तसला चालतो. गच्चीवर टाक्यांच्या गरम पाण्याच्या पाइपावर एखादा छोटा नळ काढलेला नसेल तर प्लंबरकडून काढून घ्या. टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकचं पाणी मोजू नका, तळाला पाणी नेहमीच थंड असतं आणि तो आकडा फसवतो.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवरचा पहिला आकडा घ्या. दुसरा पहाटे, कुणीही नळ सोडण्याआधी, त्याच जागी. तिसरा ज्या घराची तक्रार आहे त्या घरातल्या गरम नळाचा, पण लगेच नव्हे. दोन बादल्या पाणी जाऊ द्या आणि मग मोजा.

आमचे आकडे असे आले: संध्याकाळी ५८ अंश, पहाटे ४६ अंश, पहिल्या मजल्यावरच्या नळाला २७ अंश.

चांगलं इन्सुलेशन असलेल्या टाकीत रात्रभरात साधारण पाचेक अंश उतरतात. आमच्याकडे १२ उतरले होते. ते खटकलंच, पण खरा घोटाळा ४६ आणि २७ यांच्यामध्ये होता. त्या पहाटे ओव्हरहेड टाकीतलं पाणी २० अंश होतं. ४६ अंशाच्या आणि २० अंशाच्या पाण्याचं मिश्रण २७ अंशावर यायचं असेल तर चार भागांत जवळजवळ तीन भाग थंड पाणी लागतं. म्हणजे "गरम" लिहिलेल्या नळातून पाऊण हिस्सा थंड पाणी येत होतं. सोलर तापवत नव्हतं हे साफ खोटं होतं.

यातून एक साधी खूण मिळाली, थर्मामीटर नसेल तरी उपयोगी पडणारी. नळ सोडल्यावर आधी थंड आणि मग एकदम गरम पाणी येत असेल तर प्रश्न पाइपाच्या लांबीचा आहे. कितीही वेळ सोडलं तरी पाणी एकसारखं कोमटच राहत असेल तर कुठेतरी थंड पाणी मिसळतंय.

संध्याकाळचाच आकडा कमी असेल तर

आमचा नव्हता, पण दोन टाक्या वेगळ्या मोजल्या तेव्हा त्या बाकीच्यांपेक्षा नऊ अंश मागे निघाल्या. म्हणून गच्चीवरही हिंडावं लागलं.

आधी नळ्यांची खालची टोकं बघा. प्रत्येक नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो बेरियमचा थर. दोन काचांमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली की तो पांढरा पडतो. पांढऱ्या टोकाची नळी दिवसभर उन्हात राहूनही उष्णता धरून ठेवत नाही, बाहेरून हात लावला तर शेजारच्या नळीपेक्षा गरम लागते, कारण आतली उष्णता बाहेर निसटत असते. अशी नळी बदलायलाच हवी. आमच्या २४० पैकी सात निघाल्या.

मग क्षार. बोअरचं पाणी सोलरला देत असाल तर हे टळत नाही. पाणी तापलं की त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर नळीच्या आत बसतो. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर लवकर, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तो सगळ्यात जोरात साचतो. नुसता टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा, बुडवून पाणी चांगलं की वाईट हे ठरवू नका. टीडीएसमध्ये मीठही मोजलं जातं, थर बसवतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हार्डनेसची वेगळी चाचणी करून घ्या. नळी काढून उलटी केल्यावर तळातून मूठभर पांढरी कच पडली तर तुमचं उत्तर मिळालं. पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी काही तास भरून ठेवलं की थर सुटतो. बाथरूम धुवायचं तीव्र ॲसिड टाकीत कधीही ओतू नका, टाकीचं अस्तर आणि वेल्डचे जोड खराब होतात.

नळ्या काढायच्या त्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, जाड हातमोजे घालून. आणि हे विसरू नका: ओव्हरहेड टाकी कोरडी पडून नळ्या रिकाम्या उन्हात तापल्या असतील, उदाहरणार्थ गुरुवारच्या पाणीबंदीत, तर दुपारी पाणी आलं तरी सोलरचा थंड पाण्याचा व्हॉल्व उघडू नका. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं की नळ्या तडकतात. संध्याकाळपर्यंत थांबा. वॉचमनला हे लिहून दिलेलं असावं, कारण पंप तोच सुरू करतो.

आमच्या त्या दोन मागे पडलेल्या टाक्यांचं कारण मात्र नळ्यांमध्ये नव्हतं. २०२४ मध्ये छतावरच्या सौर विजेसाठी पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठीही अनुदान होतं, आणि आम्ही लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी विजेची पॅनल बसवली. चांगलंच केलं. पण खाली वावरायला जागा राहावी म्हणून सांगाडा तीन मीटर उंच घेतला आणि तो नेमका या दोन टाक्यांच्या दक्षिणेला उभा राहिला. काम मे महिन्यात झालं, तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली पायाशी. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुण्यात २१ डिसेंबरला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीच्या नऊ-दशांश. सकाळी साडेनऊच्या सुमारास तर उंचीच्या पावणेदोनपट, वायव्येकडे. तीन मीटरच्या सांगाड्याची सव्वापाच मीटर सावली. ज्या महिन्यात गरम पाणी सगळ्यात जास्त हवं त्याच महिन्यात नळ्या अर्ध्या सकाळ अंधारात. आम्ही त्या दोन टाक्या शेवटी पश्चिमेच्या कोपऱ्यात हलवल्या. तुम्ही पॅनल बसवणार असाल तर सांगाड्याची जागा डिसेंबरच्या सावलीवरून ठरवा, ठेकेदार ज्या महिन्यात येईल त्या महिन्याच्या सावलीवरून नव्हे.

पहाटेपर्यंत टाकी थंड होत असेल तर

तुमच्याकडे काचेच्या नळ्यांऐवजी ऊन शोषणारे काळ्या पत्र्याचे सपाट कलेक्टर असतील तर आधी टाकीची उंची बघा. टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी वर हवा. नसेल तर रात्री कलेक्टरमधलं पाणी गार होतं आणि उलटा प्रवाह सुरू होऊन टाकीतली उष्णता आकाशात जाते. टाकीच्या बाहेरचा पत्रा एखाद्या जागी गरम लागत असेल तर आतला फोम भिजला आहे, त्याला टाकी बदलण्यावाचून मार्ग नाही.

आमच्या टाक्या बाहेरून गार होत्या. मग १२ अंश गेले कुठे? हे वॉचमनने सांगितलं. तो म्हणाला, रात्री दोन-तीन वाजता गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येतो. वर जाऊन पाहिलं तर व्हेंट पाइपातून, म्हणजे टाक्यांवरच्या हवेच्या उभ्या पाइपातून, थेंब थेंब पाणी गळत होतं आणि खालची फरशी ओली होती.

व्हेंट पाइपाचं तोंड ओव्हरहेड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर असावं लागतं. आमचं होतं. तरीही पाणी बाहेर येतंय याचा अर्थ गरम पाण्याच्या लाइनमध्ये ओव्हरहेड टाकीपेक्षा जास्त दाबाचं पाणी कुठून तरी शिरतंय. आणि खालून शिरलेलं ते पाणी टाक्यांमधलं गरम पाणी मागे ढकलतंय. त्याची आणखी एक खूण नंतर लक्षात आली: काही घरांत पहाटे थंड नळाला किंचित कोमट पाणी येत असे. लोक त्याला "रात्री गच्चीवरची टाकी तापलेली असते" म्हणत. जानेवारीत पुण्याची गच्चीवरची टाकी रात्री तापत नाही.

व्हॉल्वची चाचणी

ही चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिला पैसे लागत नाहीत, रविवारची एक दुपार आणि तीन माणसं लागतात.

सगळ्या घरांना आदल्या दिवशी कळवा की तीन ते पाच गरम पाणी येणार नाही. गच्चीवरचा गरम पाण्याचा मुख्य व्हॉल्व पूर्ण बंद करा. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक गरम नळ उघडा, म्हणजे लाइनमध्ये हवा शिरेल, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचा गरम नळ उघडून बादली लावा. वरच्या नळापाशी एक माणूस उभा ठेवा, तिथूनही पाणी येऊ शकतं. उभ्या लाइनीत साठलेलं पाणी उतरेल. आमच्याकडे ते दोन बादल्यांच्या आत संपायला हवं होतं. त्यानंतर नळ कोरडा पडला पाहिजे. सोलरच बंद आहे, तर गरम नळाला पाणी येईल कुठून?

आमचा नळ कोरडा पडला नाही. वीस मिनिटं झाली, पाणी चालूच, आणि अगदी थंड. खाली पहिल्या मजल्यावरच्या काकू बादलीकडे बघत उभ्या होत्या. "म्हणजे तीन वर्षं आम्हाला सोलरच्या नळातून हे मिळत होतं?" हो, हेच.

पुढचं काम चोर शोधायचं. प्रत्येक घराचा गरम पाण्याचा कॉक डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या माळ्यावर असतो. आधी मजलावार बंद करा, मग ज्या मजल्याचे कॉक बंद केल्यावर खालची धार बारीक होते त्या मजल्यावर घरवार. एकच घर असेल असं समजू नका. आमची धार पाच टप्प्यांत कमी होत गेली आणि पाचवं घर बंद केल्यावर थांबली. ज्या घरांत स्वतंत्र कॉकच नाही तिथे बाथरूममध्ये जाऊन मिक्सरकडे येणाऱ्या गरम पाइपावर हात ठेवायचा. घरात कुणी पाणी वापरत नसताना तो पाइप थंडगार आणि त्यातून वाहत्या पाण्याची बारीक थरथर लागत असेल तर तेच घर.

पाचांपैकी तीन घरांत कारण एकच होतं आणि ते मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे.

गीझरखालचे दोन कॉक. पुण्यातल्या बहुतेक सोलर असलेल्या इमारतींत गीझरला पाणी दोन बाजूंनी येतं. एका फांदीवर सोलरचा कॉक, दुसऱ्या फांदीवर थंड पाण्याचा कॉक, दोन्ही एका टी-जोडात मिळतात आणि तिथून गीझरमध्ये. कल्पना चांगली आहे: एरवी सोलरचं पाणी गीझरमधून जावं, पावसाळ्यात सोलरचा कॉक बंद करून थंडाचा उघडावा. अट एकच, दोन्ही एकाच वेळी उघडे नकोत. ते उघडे राहिले की इमारतीची थंड लाइन आणि सोलरची लाइन त्या टी-जोडात सरळ एकमेकींना जोडल्या जातात. मग खालच्या मजल्यावर कुणी गरम नळ सोडला की पाण्याला दोन वाटा मिळतात. सोलरकडची वाट लांबची, आठ टाक्यांतून आणि गच्चीवरच्या पाइपातून फिरून येणारी. थंडाची वाट जवळची. पाणी जवळच्या वाटेनं येतं.

चौथ्या घरात नूतनीकरणात हँड शॉवर बसवला होता, ज्याचं पाणी शॉवरच्या मुठीवरच्या बटणानं बंद होतं. मिक्सरचे गरम आणि थंड दोन्ही नॉब मात्र कायम उघडे. मुठीवर बंद, मागे दोन्ही लाइन जोडलेल्या. टॉयलेटचा जेट मिक्सरवरून घेतला असेल तर हेच घडतं.

पाचवं घर चौथ्या मजल्यावरचं. त्यांनी थंड पाण्याच्या लाइनवर स्वतःचा छोटा प्रेशर पंप बसवला होता आणि गीझरखालचे दोन्ही कॉक उघडे होते. हाच तो जास्त दाब. त्यांचा पंप रात्रभर मधूनमधून आपोआप सुरू होत होता, आणि त्याचं पाणी गरम लाइनीतून वर चढून टाक्यांत आणि व्हेंटमधून फरशीवर जात होतं. त्या घरातल्या आजोबांनी सांगितलं की पंप उगाच चालू होतो म्हणून त्यांनी दोनदा मेकॅनिक बोलावला होता. पंप बरोबरच काम करत होता. लाइनीत दाब टिकतच नव्हता, कारण लाइन गच्चीवर उघडी होती.

पाचही घरांचे कॉक नीट केल्यावर दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा आकडा ५२ आला आणि पहिल्या मजल्याचा नळ ४८. टाक्या त्याच, नळ्या त्याच.

एनआरव्ही लावताना

माणूस विसरणार, म्हणून एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, हवाच. सोलरच्या फांदीवर टी-जोडाच्या आधी एक आणि थंडाच्या फांदीवर एक. त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे ना हे स्वतः बघा, उलटा बसवलेला मी पाहिला आहे. वरच्या मजल्यांना घट्ट स्प्रिंगचा एनआरव्ही देऊ नका. सोलरची टाकी आणि चौथ्या मजल्याचा शॉवर यांच्यात जेमतेम तीन मीटरचा फरक असतो, म्हणजे दाब फक्त ०.३ बार, आणि घट्ट स्प्रिंग त्यातलाच बराच खाऊन टाकते. तिथे हलक्या झडपेचा घ्या. क्षाराच्या पाण्यात ही झडप दोन-तीन वर्षांत अडकून उघडी राहते, तेव्हा नुसता एनआरव्ही आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

आणि जिवाशी संबंधित एक गोष्ट. गीझरच्या वाटेवर एनआरव्ही आला की आत तापून फुगणाऱ्या पाण्याला मागे जायला जागा उरत नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व चालू असलाच पाहिजे आणि त्याचं तोंड मोकळं हवं. त्यातून थेंब गळतात म्हणून कुणी तिथे बूच मारलं असेल तर आधी ते काढा, एनआरव्ही नंतर.

पाइपाचं काय

मिसळ थांबल्यावरही खालच्या मजल्यावर पहिली बादली थंडच येते. ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला हिशेब आहे. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवर २० मीटर आणि खाली १५ मीटर धरले तर १७-१८ लिटर, म्हणजे एक बादली. रात्रभर ते पाणी गार होतं आणि सकाळी आधी तेच येतं. गच्चीवरच्या पाइपाला फोमच्या नळ्यांचं जाड वेष्टन करा आणि त्यावर उन्हापासून वाचवणारी ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. नुसता काळा फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतो. ही थंड बादली फेकू नका, भांड्यांना घ्या. पहाटे अर्धा तास पाणी फिरवणारा पंप बसवता येतो, पण त्याला परतीची लाइन लागते आणि जुन्या इमारतीत ती टाकणं सोपं नाही. आम्ही तो विचार सोडला.

टाकी कोरडी पडून परत भरल्यावर एखाद्या उभ्या लाइनीला पाणीच येत नसेल तर हवा अडकली आहे. त्या लाइनीचा सगळ्यात वरचा नळ पूर्ण उघडून ठेवा, फुरफुरत हवा निघून जाते.

सोलर काढून गीझर पॅनलवर चालवावेत का

कमिटीत हा प्रस्ताव गंभीरपणे आला होता, म्हणून आकडे देते. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. २४०० लिटरला ८४ युनिट, रोज. आपल्याकडे १ किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी २१ किलोवॉट, आणि किलोवॉटला दहा चौरस मीटर धरले तर २०० चौरस मीटरच्या आसपास गच्ची. आमची निम्मी गच्ची त्यातच गेली असती. शिवाय चोवीस घरांचे गीझर सकाळी सहा ते आठ चालणार, तेव्हा पॅनल नुकतं जागं होत असतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, हिशेब जुळवता येतो हे खरं, पण इमारतीच्या केबलवर चोवीस गीझरांचा भार एकदम पडतोच. काचेची नळी उन्हाची उष्णता सरळ पाण्यात भरते, दुपारची उष्णता सकाळपर्यंत साठवूनही ठेवते. विजेची पॅनल लिफ्टसाठी आणि दिव्यांसाठी उत्तम आहेत. पाण्याचं काम त्यांना देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी मुरवणं यांपैकी एक असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते, तिचाही विचार टाक्या उतरवण्याआधी करावा.

दर वर्षी परत का येतं

हे मला चौथ्या वर्षी उमगलं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, सोलर चालत नाही, आणि ते कुठल्याही दुरुस्तीनं चालणार नाही. त्या दिवसांत लोक गीझर वापरतात आणि थंड पाण्याचा कॉक उघडतात. सोलरचा बंद करायला विसरतात, कारण टाक्यांत ऊन नसल्यानं दोन्ही बाजूंनी थंडच पाणी येत असतं, फरक काही जाणवत नाही. ऑक्टोबरमध्ये कडक ऊन पडतं, टाक्या उकळतात, पण तेव्हा अंघोळीला कोमट पाणीही पुरतं. कॉक तसेच उघडे राहतात. तक्रार येते ती थेट नोव्हेंबर-डिसेंबरात, कॉक उघडल्यानंतर चार महिन्यांनी, आणि तोवर तो कुणी का उघडला हे कुणाच्याच लक्षात नसतं. म्हणून सगळ्यांचं बोट गच्चीकडे.

आता प्रत्येक बाथरूममध्ये सोलरच्या कॉकला लाल आणि थंडाच्या कॉकला निळी पट्टी आहे, शेजारी भिंतीवर कागद: पावसाळ्यात निळा उघडा, लाल बंद, इतर वेळी लाल उघडा, निळा बंद. जूनच्या सभेत आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही घरोघरी जाऊन कॉक बघतो, आणि त्याच रविवारी दुपारी व्हॉल्वची चाचणी. गेल्या दसऱ्यानंतर दोन घरांत दोन्ही कॉक उघडे सापडले, दोन्हीकडे भाडेकरू नवीन होते आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भाडेकराराबरोबर सोसायटी जो माहितीचा कागद देते त्यात आता ही ओळ घातली आहे. डिसेंबरात पहाटे टाकी ५३ अंश होती आणि पहिल्या मजल्याचा नळ ४९.